मामा, घोडा काढ

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हे मी माझ्या या दोन कानांनी ऐकलंय. वह्यांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक मामा आणि त्याची आठ वर्षांची भाची उभी होती. मामा लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. दुसऱ्या दिवशी तो भाचीच्या शाळेत जाणार होता, त्याची तालीम चालली होती.

"समज, मी अख्खा वर्ग आहे. मामा, फळ्यावर घोडा काढ."

"हत्ती काढतो ना. मागच्या बाकावरूनही दिसेल."

"वर्गाला घोडाच हवाय. माझा मामा काहीही काढतो, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"मग काढू की! अकरा पुस्तकांत घोडे काढलेत मी, तेही डोळे मिटून."

"ते दिसतंच. सगळे गुडघाभर गवतात का उभे असतात?"

"भूक लागते त्यांना."

"एक तर नदीत उभा आहे."

"त्याची अंघोळ राहिली होती."

"आणि राजाचा घोडा? तो ढगात आहे!"

"तो उडता घोडा, बाईसाहेब."

"पंख कुठायत?"

"मिटून घेतलेत. दमला होता बिचारा."

"मग खाली कसा नाही पडला?"

"पडतो की, पुढच्या पानावर."

"पुढच्या पानावर तो कुंपणामागे आहे."

"हळू बोल गं, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! मामा, थापा मारतोस तू. तुला घोड्याचे पायच काढता येत नाहीत! घे ती खडूची पेटी, घरी गेल्यावर मी शिकवते."