आदरार्थी आर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे कार्यवाह, व्यासपीठावर बसलेले आजी आणि माजी मुख्याध्यापक, माझ्याविषयी इतकं चांगलं बोललेले सहकारी की ही बाई कोण असा मलाच प्रश्न पडला, समोरचे माझे नवे-जुने विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून घड्याळ बघणारे माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

बसून बोलते, चालेल ना? सव्वीस वर्षं उभ्याने बोलले, आता पाय माझं ऐकत नाहीत. अध्यक्षांनी मान हलवली, म्हणजे चालेल.

अध्यक्ष आत्ता म्हणाले की मी या संस्थेच्या पायाचा दगड आहे. आभारी आहे. पण पायाकडे कोणी बघत नाही हो, आणि ओल आधी तिथेच येते. आमच्या संध्याकाळच्या वर्गाची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कार्यवाह हसताहेत. भिंतीच्या दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याकडेच आहे, अकरा वर्षं.

मी काय शिकवलं? ॲम, इज, आर. बस. वरचे वर्ग नेहमी दुसऱ्यांकडे गेले. विद्यार्थी पुढे जायचे, आणि नवी तुकडी आली की मी पुन्हा पहिल्या पानावर. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं पाय बाहेर काढून तिरकी बसायची. दिवसभर राबून आलेली माणसं ती, पेंगायची. मीही पेंगायचे, फक्त उभ्याने. मुलं मला ‘इज-आर बाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याहून वाईट नावं ठेवलेले शिक्षक या व्यासपीठावर आहेत, म्हणून मी तक्रार केली नाही.

खरं सांगू? मी दमले आहे. आमच्या वर्गात हे वाक्यसुद्धा चुकतं. ‘आय टायर्ड’ म्हणतात. मी विचारायचे, ‘ॲम कुठे गेला?’ एकदा एक टॅक्सीवाला म्हणाला, ‘मॅडम, तोही दमला असेल.’ मी त्याला त्या दिवशी लवकर सोडलं.

आता आपल्या लोकांची एक खास चूक सांगते. ती इंग्रजांच्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. ‘माय मदर इज’ पहिल्याच दिवशी जमतं. ‘माय फादर’ आलं की पुढे हमखास ‘आर’. का? आपल्याकडे आई येते आणि वडील येतात. वडील एकटे असले तरी अनेक असतात. मी फळ्यावर एक रेघ ओढायचे. ‘वडील किती?’ ‘एक.’ ‘मग इज.’ तोच टॅक्सीवाला म्हणाला, ‘बापाला इज म्हटलं तर घरात घेणार नाहीत, मॅडम.’ त्यावर शिवणकाम करणारी एक मुलगी खालमानेने म्हणाली, ‘आईला मात्र जन्मापासून इजच.’ सगळे हसले. मी ते हसण्यावारी नेलं आणि पुढचा धडा काढला. तिथे थांबायला हवं होतं, असं आता वाटतं.

आमच्या वर्गात एक बाई होत्या. दवाखान्यात लादी पुसायच्या. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून इथेही त्या मावशीच. त्यांचे गुडघे गेले होते. वाकून पुसणं होत नव्हतं. वॉर्डात मदतनीस म्हणून घेतलं असतं तर निदान उभ्याने काम मिळालं असतं. पण त्यासाठी तोंडी परीक्षा होती. आपली भाषा न येणारे डॉक्टर आणि पेशंट तिथे येत, म्हणून थोडं इंग्रजी बोलता यायला हवं, अशी अट होती.

आणि मावशींना आर काही सुटेना. ‘डॉक्टर आर कमिंग’, डॉक्टर एकच. ‘पेशंट आर स्लीपिंग’, पेशंट एकच. माळी आर, शिपाई आर, भाजीवाली आर. इज कोणाला? मांजराला, पावसाला आणि स्वतःच्या लेकाला. दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडले, पालथ्या घड्यावर पाणी. मग मी काय केलं? तोंडावर ‘अहो मावशी’, आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ‘ती आर-मावशी आज काय म्हणाली माहितेय का’. इथे बसलेल्या काही जणांनी ते किस्से ऐकले आहेत. मी रंगवून सांगायचे.

परीक्षेच्या टेबलामागे आम्ही तिघं होतो. दवाखान्याचे व्यवस्थापक, मुख्य परिचारिका, आणि भाषेचे गुण द्यायला मी. मावशींना एक चित्र दाखवलं. खाटेवर बसलेला म्हातारा. मावशी म्हणाल्या, ‘ओल्ड मॅन आर सिटिंग.’ व्यवस्थापकांनी विचारलं, ‘चित्रात माणसं किती?’ ‘एक.’ ‘मग आर कसं काय?’ मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या भाषेत म्हणाल्या, ‘साहेब, ते वयानं मोठे आहेत.’

आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी हसले, कारण हा विनोद मला आधीपासून पाठ होता. मावशीही थोड्या हसल्या, चार माणसं हसली की आपण हसतो तशा. दहापैकी पाच लागत होते. मी चार दिले. नियम म्हणजे नियम. बाहेर जाताना त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. आणखी सहा वर्षं त्यांनी लादी पुसली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळणार तरी कसं, मी कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वॉर्डात डोळे उघडले तर समोर मावशी. मधल्या काळात परीक्षेची अट कोणीतरी काढून टाकली होती, म्हणून त्या मदतनीस झाल्या होत्या. ‘मॅडम, कशा आहात?’ म्हणाल्या. तीन दिवस त्यांनी मला कुशीवर वळवलं, चादरी बदलल्या, माझी वेणी घातली. परीक्षेचा विषय नाही, एक टोमणा नाही. मला वाटलं, विसरल्या. वाटलं आणि बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नुसती डोळे मिटून पडले होते. एक परभाषिक डॉक्टर दारातूनच पलंगापलंगाची चौकशी करत होते आणि मावशी उत्तरं देत होत्या. चार नंबरचे आजोबा, ‘ग्रँडफादर आर ईटिंग.’ पाच नंबरला विशीची पोरगी, ‘गर्ल आर वॉकिंग.’ तिलासुद्धा आर. मग माझा पलंग आला.

‘मॅडम इज स्लीपिंग.’

बिनचूक वाक्य. दोन वर्षं जे मला शिकवता आलं नाही, ते माझ्याच उशाशी. आणि मला रडू आलं. टाक्यांमुळे नीट रडताही येईना.

मावशी आपल्या बाईंची लाज राखायला माझ्यापुरतं शुद्ध बोलल्या, की मला मांजराच्या रांगेत बसवलं? वर्ष झालं, मी विचारलेलं नाही. समोरासमोर काही कळायची सोय नाही. ‘यू’ला सगळ्यांनाच आर लागतो, साधूलाही आणि चोरालाही. कोण आपल्याला काय समजतं ते पाठीमागेच कळतं. मावशी माझ्या पाठीमागे काय म्हणाल्या ते मी एकदा ऐकलं. मी त्यांच्या पाठीमागे काय म्हणत होते ते दोन वर्षांचं आहे.

आता आवरते, यजमानांनी तिसऱ्यांदा मनगट वळवलं. अध्यक्षांचे, संस्थेचे, सहकाऱ्यांचे मनापासून आभार. अशा भाषणाच्या शेवटी काही उणंदुणं बोललं गेलं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. इतरांच्या निरोपाला मी कितीदा तरी मागितली, आणि एकदाही ती कोणाला उद्देशून नव्हती. आज आहे. या कार्यक्रमाची पत्रिका मी स्वतः वॉर्डात नेऊन दिली. ‘ड्यूटी सुटली की बघते,’ मावशी म्हणाल्या. मी बोलायला लागण्याआधी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आहे. मुद्दाम. मागच्या रांगा मला दिसत नाहीत, आणि दिसल्या असत्या तर यातलं निम्मंही बोलता आलं नसतं.

मावशी, ते आजोबा वयानं मोठे होते. तुमचं बरोबर होतं. मी हसायला नको होतं आणि पाचवा गुण द्यायला हवा होता. मला क्षमा करा. तुम्ही आला नसाल तर उद्या सकाळी वॉर्डात येऊन हेच सांगेन, तुमच्याकडे बघून. माझ्या पाठीमागे इज म्हणायचं की आर, ते तुम्ही ठरवा.

नमस्कार.