पळत्या पाखरीचा फोटो

...आणि मला सांगा, पळत्या घोड्याला ‘हलू नका’ म्हणायचं का? म्हणायचं का, सांगा की! न्हाय ना? मग माझी चूक काय झाली? वीस वर्सं बारामतीत फोटोचं दुकान हाय माझं. कुंडलिक फोटोवाला म्हणा, कुणीबी घर दाखवंल. मागं पडदा, पडद्यावर राजवाडा, पुढं खुर्ची, खुर्चीत माणूस, आणि काळ्या कापडाखालनं मी वरडतोय, ‘हलू नकाऽऽ!’ बारामती म्हणू नका, इंदापूर म्हणू नका, हलला त्याचा फोटो बिघडला, हे अख्ख्या मुलखाला मी शिकवलं. नवरा-नवरी, पैलवान, पुढारी, सगळी माझ्यापुढं श्वास कोंडून बसलेली. आता तेच माझ्या मुळावर येईल असं कुणाला वाटलं व्हतं?

तुमाला सांगतो, झालं काय, अंथुर्ण्याचा सावळाराम कुबडी टेकत दुकानात आला. मेंढरामागं हयात गेलेला माणूस. बांधावरनं घसरला, मांडीचं हाड मोडलं, घोड्यावर बसणं कायमचं संपलं. तर त्याची घोडी, पाखरी, जत्रा झाली की सोमवारी लेकीकडं सांगोल्याला जायची व्हती. म्हणला, ‘फोटोवालं, जायच्या आदी तिचा फोटो काडा.’ म्हणलं, तात्या, आणा की दुकानात. ‘दुकानात न्हाय. पळताना काडा.’ आता आली का पंचाईत! म्हणलं, उभी घोडी ऐटीत दिसती. तर म्हणला, ‘उभी रोजच बगतो. पळताना चारी पाय वर असत्यात तिचं, भुईला एक न्हाय. वर बसलं की आतड्याला कळतं. पर म्या वरच असायचो न्हवं? बारा वर्सं झाली, दिसलं न्हाय कदी.’

आणि मी व्हय म्हणून बसलो!

रविवारी जत्रा. घडी घालायचा कॅमेरा गळ्यात, पुण्यासनं मागवलेला बारा फोटोंचा रोल आत, आणि मी अंथुर्ण्यात. म्हणलं बारातला एक तरी लागंल. पण लोक घोड्यापत्तूर पोचू देतील तर ना! आबासाहेब आडवं आले. नवं ऑइल इंजिन घेतलं व्हतं, हार घालून ठेवलेलं, भकाभका चालू. म्हणलं, वा, चालू इंजिनाचा घेऊ या! तर आबासाहेब गड्यावर खेकसले, ‘अरं बंद कर त्ये! हालतंय न्हवं!’ बंद केलं. पुढं सरुबाई. तिनं म्हशीचं चारी पाय दाव्यानं आवळलं, का, तर फोटो हलू नये! आणि लेझीमवाले? काय नाचत व्हते हो, धूळ नुसती! मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि वीसच्या वीस गडी एक तंगडी वर करून थिजले. एक उचकी न्हाय, एक खोकला न्हाय! शेवटचा गडी कलला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग भुईवर. आणि पडल्या पडल्या मलाच विचारत्यात, ‘हललं का वो?’

सहा फोटो तितंच गेले.

मग शर्यत. कालव्याच्या कडंला पडीक रान, दोन्ही अंगाला माणूस हे दाटलेलं. पाच घोडी सुटली. आली, आली, मी नेम धरला... आणि पुढच्या स्वारानं मला बघितलं. लगाम खेचला! पटक्याचा शेमला नीट केला, छाती काढली, आणि थांबला. मागचे चौघं बी थांबले. रांगेत! शर्यत मधीच उभी, आणि सगळं गाव श्वास धरून गप. मी बोंबललो, ‘पळा की रं!’ तर म्हणत्यात, ‘मग फोटो हालंल की!’ माझंच वाक्य हो! माझंच, माझ्या तोंडावर!

दुसरी फेरी, तेच. तिसरी, तेच. थांबलेल्या घोड्यांवरच आणखी पाच फोटो गेले. शेवटच्या फेरीला पाखरी. स्वार कोण, तर तात्याचा पुतण्या संभाजी. त्याला आईची आण घातली, बाबा थांबू नको. ‘न्हाय थांबत,’ म्हणला, पण बघत व्हता कॅमेऱ्याकडंच. माझा भरवसा उडाला. रोलमधी फोटो उरलेला एक. सरळ कडब्याच्या गंजीत घुसलो, नुसता कॅमेऱ्याचा डोळा भाईर. अंगभर खाज, नाकात भुस्कट, आणि शिंकायचं न्हाय... म्हणजे बघा, हलायचं न्हाय!

तात्या व्हता पार तिकडं सुटायच्या रेघंवर. दुसऱ्याच्या हातनं पाखरी सुटायचीच न्हाय. ह्यानं तिचं कपाळ चोळायचं, कानात काय तरी बोलायचं आणि लगाम सोडायचा, तवा ती निघणार. म्हणजे ह्या माणसाला दिसणार काय? तर पाठीमागची धूळ.

सोडली.

अगं आई आई आई... काय सांगू तुमाला! उंचीला बुटकी घोडी ती, आपल्या भीमथडीची, उभी असली तर कुणी वळून बघायचं न्हाय. पण आली ना... आधी भुई थरथरली, गंजी थरथरली, मग मान लांब केलेली, कान मागं टाकलेलं, मानंवरचं केस उभं, आणि ऐन माझ्यासमोर तिनं चारी पाय पोटाखाली गोळा केलं. चारी! भुईला एक न्हाय! खाली तिची सावली एकटीच पळतीया, आणि घोडी आणि सावलीच्या मधनं मला पलीकडचं कालव्याचं पाणी दिसलं. चमकताना दिसलं हो! देवाशप्पथ, देवळात बी माझं हात असं आपसूक जुळलं नव्हतं...

जुळलं. हात जुळलं. म्हणजे कॅमेरा? लोंबतोय गळ्यात! आयुष्यभर जगाला ‘हलू नका’ सांगितलं, आणि त्या दिवशी नेमकं माझंच बोट हललं न्हाय.

तात्या कुबडी टेकत सगळं रान तुडवत आला. ‘घेतला?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा पळवा म्हणायची बी सोय न्हाय, घोडी फेसानं भिजलेली, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. म्हणलं, तात्या, जोड्यानं मारा मला. घोडी बघतच राहिलो, बोट दाबायचं विसरलो. तो कुबडीवर भार टाकून जवळ आला. मग हळूच म्हणला, ‘चारी वर व्हतं?’ म्हणलं, चारी. खालनं कालवा दिसला. म्हातारा मटकन् खाली बसला, हसतोय का रडतोय कळंना. म्हणला, ‘तरी म्या म्हणत व्हतो!’

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण तवापासनं दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तात्या दुकानात हजर. गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि हा फोटोच्या खुर्चीत, राजवाड्याच्या पडद्यापुढं, कुबडी आडवी धरून. ‘हं, सोडली. सांगा.’ एक कान गाळला तर चालत न्हाय, पयल्यापासनं पुन्हा. आणि कालव्यापत्तूर आलो की मला ऱ्हावत न्हाय हो, हात उडत्यात, पाय उडत्यात, मी सगळ्या दुकानात नाचाय लागतो... तर डोळं मिटून बसलेला तात्या माझ्यावरच खेकसतो,

‘फोटोवालं, हलू नका! घोडी दिसंना मला!’