प्रिंटरसाठी पाडलेली भिंत

मी रशीदा, दारव्ह्याच्या मेकॅनिकची पोरगी, खोललेलं यंत्र पाह्यलं का माह्ये हात शिवशिवायचे, म्हणून पुढं यवतमाळात कॉम्प्युटरच्या तारा जोडायले लागली, आता साठी उलटली तं नाती हसतात, दादी तुले वायफाय काय समजते. तवा तं मले सगळंच समजत होतं बाप्पा, गळ्यात पेनड्राइव्ह लटकवून अशी चालायची जसं सारं यवतमाळ माह्याच तारेवर चालून राह्यलं.

काय सांगू तुम्हाला, कापसाची लय वाईट वर्षं होती ती, नवरा गेलेल्या बायांसाठी एका संस्थेनं सल्ला केंद्र काढलं, आन बाजूच्याच खोलीत संस्थेचं ऑफिस. स्विच एकच, म्हणजे साऱ्या तारा खोचायचा डबा. त्यात मी व्हीलॅन केले, म्हणजे डबा एक पण आतून भिंती, ऑफिसातल्यानं केंद्रातलं पाहू नाही, ऑफिसच्या गर्दीत केंद्राचं काम अडू नाही. बायांच्या फाइली उघड्याच, पासवर्ड कायले, भिंत हाये ना. केंद्राच्या मंदाताईले म्हटलं, बेधडक लिहा, पल्याड मुंगी जात नाही.

मंग मंदाताईचा प्रिंटर बिघडला. चांगला प्रिंटर ऑफिसात. नीट रस्ता काढायले अर्धा दिवस लागला असता, आन मले पुसदले भाच्याच्या लग्नाची बस धरायची होती, मेहंदी काढायची होती; मी तिची तार सरळ ऑफिसच्या भागात टाकली, सोमवारी परत जागेवर टाकते म्हटलं. सोमवार आला, गेला. मी मेहंदी दाखवत फिरली.

सुनंदा नावाची बाई केंद्रात यायची. शेत तिच्या नावावर, ते आपल्या नावावर करायले दीर सही मागायचा. पोरीले घेऊन बहिणीकडं निघून जाणार होती, कोणत्या दिवशी, कोणत्या बसनं, सारं मंदाताईनं लिहून ठेवलं. ऑफिसातला एक बाबू त्या दिराचा दोस्त. भिंत मीच पाडलेली, त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर बसून वाचलं. ती स्टँडवर पोचली तं दीर आधीच उभा.

पंधरा दिवसांनी केंद्राच्या दारात आली, दिराले सही देऊन. मी म्हटलं ये, बस, आता पक्कं बंद केलं, पासवर्डही टाकला.

"बाई, मी तं फक्त मंदाताईले सांगतलं होतं."

बसली नाही. परत आलीही नाही.

आता नात तेच काम करते, कधी म्हणते आजच्यापुरतं जोडते दादी, तं मी बाजूले खुर्ची टाकून बसते, ती वेगळं करे तोवर उठत नाही. हसते. हसू दे. सुनंदाची पोरगी मोठी झाली असन. अल्लाह करो, ती ज्याले सांगन त्याच्याच जवळ तिचं बोलणं राहो.