स्कूटरच्या चकत्या, बोटीची वीज

नाव : मायाप्पा बिराप्पा गावडे
वय : ७२ वर्षे (आधार कार्डाप्रमाणे, आई जास्त सांगायची)
धंदा : पूर्वी मेंढपाळ, नंतर पंपदुरुस्ती, सध्या घरीच
शिक्षण : चौथी
राहणार : कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर

समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. माझा पुतण्या बिरुदेव याला चोरीच्या संशयावरून सकाळपासून येथे बसवून ठेवले आहे असे कळले, म्हणून मी आपण होऊन आलो. त्याच्या बोटीवर सापडलेल्या चकत्या मी आणलेल्या आहेत व मीच बसवल्या आहेत. त्याला फक्त बोट हाकायला येते.

बिरुदेव याची गावामागच्या तलावात डिझेल इंजिनची बोट आहे. मच्छीमार सोसायटीचे मत्स्यबीज, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, तो तलावात नेऊन सोडतो. बोटीवर पाण्याची टाकी असते. पिल्लांना दम लागू नये म्हणून टाकीत हवेचा पंप चालवावा लागतो. त्याला लागणारी वीज बोटीच्याच इंजिनला पट्टा लावून काढायची, अशी सोय होती. पण पिल्ले सोडायला बोट हळू केली की वीज कमी पडायची व पंप धापा टाकायचा. बोट पळवली की पंप तापायचा. मागच्या खेपेला निम्मी पिल्ले मेली. त्या दिवशी बिरुदेव जेवला नाही.

माझी नात राजनंदिनी मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात शिकाऊ आहे. तिला फोनवर विचारले असता तिने सांगितले की, मोठ्या जहाजावरसुद्धा मुख्य इंजिनावरून वीज काढतात. इंजिनचा वेग कमी-जास्त झाला तरी वीज करणारे यंत्र एका चालीने फिरावे, म्हणून काही जहाजांत मध्ये फेऱ्यांचे प्रमाण बदलणारा गिअर असतो. मी म्हणालो, "पोरी, असला गिअर आपल्या कुंभारीत कुटं मिळायचा?" ती म्हणाली, "तात्या, बिनगिअरच्या स्कूटरच्या पोटात काय असतंय ते बघा की." त्यानंतर मला दुसरे काही सुचले नाही. भाकरी समोर ठेवून बसलो होतो असे सून सांगते.

हवालदार साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, अशा स्कूटरमध्ये चकत्यांच्या दोन जोड्या असतात व दोन्हींवरून एकच रबरी पट्टा जातो. जोडी म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन बश्या समजा. बश्या जवळ आल्या की मधला पट्टा वर चढतो, म्हणजे चाक मोठे झाले. लांब गेल्या की पट्टा खाली उतरतो, म्हणजे चाक लहान झाले. इंजिनकडच्या जोडीत वजने असतात, ती वेग वाढला की बश्या जवळ दाबतात. आमच्या घरी लोकर कातायचा रहाट होता. त्याची चाती बारीक असली की भिंगरीसारखी पळते, जाड केली की आळसावते. त्यातलाच प्रकार. हवालदार साहेबांना तरीही उमगले नाही, म्हणून चहाच्या बश्या व फायलीची नाडी घेऊन करून दाखवले. फौजदार मॅडम खुर्ची ओढून बघत होत्या.

कै. आबासाहेब हे माझे मित्र. त्यांची स्कूटर त्यांच्यामागे गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. तिच्यावरून आम्ही मंगळवारच्या बाजाराला जात असू. हँडल त्यांच्याकडे, पिशव्या माझ्याकडे. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही.

मी त्यांच्या पत्नी सोजरबाई यांना विचारले. त्या म्हणाल्या, "घ्या की भावजी. ती आता कुटं जायची हाय? पर गाडी उभी ऱ्हाऊ द्या." मी गाडीची एक बाजू उघडून चकत्या व पट्टा काढला, झाकण परत लावले, ताडपत्री होती तशी घातली. सोजरबाईंनी सामान पाटीत घालून अंगणात भुईवर ठेवले व पाठ करून आत गेल्या. मग मी ते उचलून घरी आणले.

"हातात दिले का?" असे विचारले असता, नाही. "म्हणजे तुम्हीच उचलले?" असे विचारले असता, होय. आमच्यात लोखंड हातातून हातात देत नाहीत, दोन घरांत भांडण लागते. देणारा खाली ठेवतो, घेणारा उचलतो. शेजाऱ्यांनी मला उचलताना पाहिले हे खरे आहे. देताना दिसण्यासारखे त्यात काही नसते.

चकत्या प्रथम स्कूटरमध्ये होत्या तशाच बोटीवर बसवल्या. इंजिन वाढवताच पंप असा ओरडला की बिरुदेव पाण्यात पडता पडता राहिला. राजनंदिनीला सांगितले, तर ती हसली व म्हणाली, "तात्या, ज्याची चाल सांभाळायची, वजनाची चकती त्याच्याच अंगावर द्या." मग इंजिनकडची जोडी वीजयंत्राकडे लावली व तिकडची इकडे. आता यंत्र जास्त पळू लागले की आतली वजनेच बश्या दाबतात, पट्टा चढतो व यंत्र आपोआप चालीवर येते. खट्याळ बैलाच्या गळ्यात लोढणे बांधावे तसे. पंप एका सुरात चालतो. उद्या नवी पिल्ले यायची आहेत, आणि चकत्या ठाण्यात जमा आहेत.

तक्रारदार धनाजी हा आबासाहेबांचा मुलगा, पुण्यात कंपनीत असतो. सुट्टीवर आल्यावर त्याने वडिलांची गाडी चालू करायला घेतली, ती आतून पोकळ निघाली. सोजरबाई लेकीकडे मंगळवेढ्याला ज्वारी काढायला गेल्या आहेत. त्याने फोनवर विचारले, "आई, चकत्या तू तात्यांच्या हातात दिल्यास का?" त्या म्हणाल्या, "न्हाय बा, हातात कशी दीन?" तेवढ्यात रेंज गेली ती अजून आलेली नाही. त्यावरून त्याने तक्रार दिली. त्याचे चुकले असे माझे म्हणणे नाही. बापाची गाडी आहे.

जबाब चालू असताना फौजदार मॅडमनी तेथेच बसलेल्या धनाजीला सांगितले की, चकत्या ओळखण्यासाठी मायाप्पांकडे द्या. धनाजीने टेबलावरून त्या उचलल्या, माझ्यापर्यंत आणल्या, माझ्या पायाशी फरशीवर ठेवल्या आणि दोन पावले मागे सरला. मी वाकून उचलल्या. मॅडम म्हणाल्या, "हातात का नाही दिल्या?" तो म्हणाला, "लोखंड हाय की, मॅडम."

एवढे बोलून तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने मला विचारले, "तात्या, नीट फिरत्यात व्हय अजून?" मी म्हणालो, "उद्या सकाळी बोटीवर ये. तुझ्या बापाला उशीर चालत नव्हता." तक्रारीचे काय करायचे ते त्याने स्वतः सांगावे. मॅडमनी बिरुदेवला चहा द्यायला सांगितला आहे.

माझा हा जबाब हवालदार साहेबांनी मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. पट्टा चढतो तेवढा भाग त्यांनी आपण होऊन दोनदा वाचला, तोही बरोबर आहे. सहीसाठी पेन धनाजीने दिले, हातात.