गोड झालेलं क्रोक मस्यू

हॅलो?… हां ताई, बोल… झालं जेवण. आटोपलं एकदाचं… हळू बोलतोय, कारण ही स्वयंपाकघरात आहे.

आल्या होत्या गं बेकरीवाल्या बाई. अगदी वेळेवर. हिनं तेच केलं… क्रोक मस्यू. फ्रेंच… अगं सँडविच! पावात हॅम, चीज, वर पांढरा सॉस, आणि ओव्हनमध्ये खरपूस… हो, हो, दिसायला फोटोसारखं. बाईंना आवडलं असतं तर त्यांच्या नव्या सँडविच काउंटरचं काम हिलाच… अगं ऐक ना! पहिला घास घेतला आणि बाई थांबल्याच. म्हणाल्या, 'हे… गोड असतं का?'

हसू नकोस. ताई, हसू नकोस म्हटलं ना!… काल भावोजींची फिरकी घ्यायला मिठाच्या बरणीत पिठीसाखर कुणी भरली? मीच. आणि त्यांनी ती काकडीवर भुरभुरवल्यावर टेबल बडवत कोण हसलं? तूच… हो, परत बदलायची राहिली. विसरलो… चाखणार कशी? चार दिवस नाक चोंदलंय तिचं, चवच कळत नाही.

छे, तिला कुठलं माहीत! काल तेव्हा ती बाजारात होती ना. तिला वाटतंय, गडबडीत आपणच भलती बरणी उचलली. बाईंना तीनदा सॉरी म्हणाली… तीनदा, ताई. आणि मी? समोर बसून पाणी पीत होतो.

काय?… सांगितलं ना! निघताना जिन्यात गाठलं बाईंना. म्हटलं, हा माझा चावटपणा. तर हसल्या. 'बायकोला वाचवायला खोटं बोलताय, नशीबवान आहे ती.'… हो ना! जन्मभर थापा खपल्या, आणि आज खरं बोललो तर… आणि हिनं दारातून ऐकलं. डोळेच भरून आले तिचे. आता माझ्यासाठी खास एक नवीन करतेय. या वेळी म्हणे बरणीवरची चिठ्ठी दोनदा वाचून मीठ घातलंय…

परत हसतेस?… काय? गुपचूप बरणी बदलू?… कुणाला कळणार नाही, खरंय… नको. ती साखरेची बरणीच तर पुरावा. माझ्यावर विश्वास बसावा असं तेवढंच उरलंय घरात… उद्या बाईंकडे तूही चल. साक्षीदार आहेस… येतेस? नक्की?

थांब, आली. प्लेट घेऊन… घशाखाली उतरायचं नाही गं माझ्या… हो. आत्ताच सांगतो. ठेवतो.

अगं, ये, बस. प्लेट राहू दे… आधी ती मिठाची बरणी आण.