तिरकी ऐरण

नाही हो, जुनं करून नाही मिळत. मोठ्याचं लहान करून मिळतं, नवऱ्याचं बायकोला बसेल असं करून मिळतं — जुनं नाही. दगडाने घासा, चहात बुडवून ठेवा, गच्चीवर उन्हात टाका, फार तर मळेल. मळणं वेगळं आणि जुनं होणं वेगळं. बसा ना, उभे का — ते शर्ट सारा बाजूला, ज्याचे आहेत तो शिवायच्या आधी रोज फोन करायचा, शिवून झाल्यापासून बेपत्ता आहे. आवाज कमी करू म्हणता? करते. सगळ्यांना वाटतं म्हातारीचा स्पीकर बिघडलाय. बिघडलेला नाही, गाणंच तसं आहे.

हो, मीच लावलंय. दुकानात येणारा माणूस आधी स्पीकरकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि मग आतल्या खोलीत कुणी तरुण बसलंय का ते बघतो — तुम्हीही आत्ता तेच केलंत, मी बघितलं. कुणी नाही आत. हेवी मेटल मीच ऐकते, चाळीसेक वर्षं ऐकतेय. संथ गाणं लावलं ना, की टाका लांब पडतो — हसू नका, खरं सांगते — हात गाण्यामागे रेंगाळतो आणि मन भलतीकडे जातं. हे लावलं की मशीन आपलं सरळ चालतं. लोक म्हणतात गोंगाट. गोंगाट कशाला म्हणायचं? ज्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं त्याला. इथे चार माणसं एकमेकांना डोळ्यात तेल घालून सांभाळत असतात, एकाचा पाय घसरला तर चौघं तोंडावर आपटतात. याच्याइतकं शिस्तीचं काही मी तरी ऐकलेलं नाही. आणि ओरडतात म्हणाल — तर माणसाला ओरडायचं असतंच हो. कुणी बायकोवर ओरडतं, कुणी हाताखालच्या माणसावर. हे बिचारे स्टेजवर ओरडून मोकळे होतात आणि घरी गोगलगायीसारखे असतात. मी पाहिलेत ना. — पाहिलेत म्हणजे असंच, तरुणपणी. जाऊ दे. काय आणलंय ते दाखवा, माझे गुडघे आता फार वेळ उभं राहू देत नाहीत.

अगं बाई. ऐरण.

नाही, काही नाही. बऱ्याच वर्षांनी बघितली. कुठून छापून आणलीत? रंग भडक झालाय — मूळची करडी होती, राखेसारखी. मला कसं माहीत? अहो, त्या काळी या गावात दर तिसऱ्या पोराच्या पाठीवर होती. बिनबाह्यांचं डेनिमचं जाकीट, त्यावर बँडांची ठिगळं, आणि पाठीवर मधोमध ही ऐरण, या बँडची खूण. आई म्हणायची, लोक ठिगळं लपवतात, आमची कार्टी पैसे देऊन लावतात. तर यांच्यावर डॉक्युमेंटरी काढताय. यांच्यावर. आता. होते तेव्हा हॉलवाला वीज बंद करून हाकलायचा, वर्तमानपत्राने कधी दोन ओळी छापल्या नाहीत — मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. तुम्ही कपडेपटवाले, तुम्हाला बोलून काय उपयोग, पण मी बघते हो सगळ्या डॉक्युमेंटऱ्या. नातीने फोनवर लावून दिलंय. बघते आणि चिडते, चिडते आणि पुढची लावते.

का चिडू नको? सगळ्या एकाच साच्यातल्या! एक टक्कल पडलेला माणूस सोफ्यावर बसतो, मागे पुस्तकांचं कपाट — आयुष्यात त्यातलं एक उघडलेलं नसतं — आणि म्हणतो, आम्हाला जग बदलायचं होतं. छे हो, जग कसलं, त्यांना शेजारच्या बँडपेक्षा मोठा आवाज हवा होता. मग दारू, मग भांडण, मग कुणीतरी मरतं, आणि मरताक्षणी मागे पियानो. पियानो! जन्मभर ज्यांनी पियानोकडे ढुंकून बघितलं नाही, त्यांच्या मरणावर पियानो वाजवतात. आणि एक गाणं, एक, पुरतं वाजू देतील तर शपथ. जरा कुठे गिटार तापतेय की लगेच कुणीतरी वर बोलायला लागतो, हे गाणं किती महान होतं. अरे मग ऐकू दे ना बाबा! लग्नाला बोलवायचं आणि जेवणाचं वर्णन करून परत पाठवायचं, असला प्रकार. आणि फोटो दाखवताना तो हळूहळू जवळ आणतात — जवळ आणला म्हणून माणूस हलतो का? नाही हलत. मी पुष्कळ वेळा बघितलंय, नाही हलत.

बरं, कोण कोण बोलतंय तुमच्यात? गायक — तो बोलणारच, तो तेव्हाही गाण्यापेक्षा जास्त बोलायचा. गिटारवाला परदेशातून बोलला? छान. बास गिटारवाला नको म्हणाला, तोही छान, त्याला कधी शब्दच सुचायचे नाहीत. आणि — ड्रमर? तुमच्यात ड्रमरचं काय आहे? हो, गेला, लवकर गेला, ते माहीत आहे मला, पण आहे काय त्याच्यावर? … एक वाक्य. बरं. फोटो मिळाला नाही म्हणता. कसा मिळेल? ड्रमरचे फोटो नसतातच हो. पुढे गायक केस उडवत असतो, बाजूला गिटारवाले, आणि मागे धुरात त्या पितळी थाळ्यांच्या आड कुणीतरी घाम गाळतंय. एखाद्या फोटोत कोपर दिसतं, एखाद्यात नुसत्या काठ्या. नाव तरी आहे ना त्या वाक्यात? … असो. त्याला सगळे घड्याळ म्हणायचे. बाकीचे पिऊन असोत, भांडून असोत, हा कधी पुढे नाही, मागे नाही. दिसत कुणालाच नव्हतं, पण थांबला तर सगळ्यांना कळायचं.

तर गायक होणाऱ्या नटाच्या या जाकिटाला ही ऐरण पाठीवर लावायची, मधोमध. देते. काय? तिरकी? मुद्दाम तिरकी? — थांबा, थांबा, काय म्हणाले तुमचे दिग्दर्शक? गायकाने बंड म्हणून तिरकी लावली. जग वाकडं आहे म्हणून ऐरण वाकडी. — पाणी द्या जरा तिथलं. नाही, मला काही झालेलं नाही, हसतेय. इतक्या वर्षांनी इतकं हसले, तुमच्या दिग्दर्शकांना माझे आभार सांगा. अहो, ती तिरकी लागली कारण मी लावली आणि तो हलला! मी तेव्हा नुकती शिवायला शिकत होते. दादाला कार्यक्रमाला जायची घाई, जाकीट काढून द्यायलाही वेळ नाही, म्हणाला अंगावरच शिव. मी सुई-दोरा घेऊन मागे उभी, आणि हा पुढे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन चमचे घेऊन बडवतोय, खाली दोन्ही पाय वेगळेच चाललेत. शांत बसणं त्याला जन्मात जमलं नाही, झोपेतसुद्धा बोटं चालायची. डावी बाजू गेली वर. मी म्हटलं उसवते, तर म्हणाला, राहू दे चिमणे, मागे कोण बघतंय. आणि नेमकं बघितलं की सगळ्यांनी. पुढच्या आठवड्यात चार पोरं दारात — आम्हालाही तशीच तिरकी लावून दे. मी म्हटलं, अरे चुकून लागलीय. ऐकतील तर ना! मेटलवाले कसले बंडखोर, एकाचं वाकडं तर सगळ्यांचं वाकडं. पण त्यांच्यामुळे मला मशीन घेता आलं, हे दुकान त्या तिरक्या ऐरणीवरच उभं आहे. अंगावरच्या कपड्याला सुई लावायची नाही, एवढं मात्र शिकले. नवरीचा ब्लाउज असला तरी म्हणते, काढून द्या बाई.

हो. दादा म्हणजे माझा दादा. ड्रमर. कळलं असेलच तुम्हाला, मी काय लपवणार, एकदा तोंड उघडलं की उघडलं. … नाही, त्याचं जाकीट नाही आता. ही जाकिटं धुवायची नसतात, हे माहीत आहे ना तुम्हाला? घाम, धूळ, सिगारेटचा वास, सगळं तसंच ठेवायचं, तीच त्याची कमाई. तो दवाखान्यात होता तेव्हा आईने ते साबणात भिजवलं, घासूनघासून धुतलं आणि इस्त्री केली. तिला त्याचं वाजवणं कधी पटलं नाही, घरात तो काठ्या हातात घ्यायला लागला की ही शेजारी जाऊन बसायची. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या त्या बँडसाठी तिने काही केलं, आणि तेच नेमकं करायचं नव्हतं. घरी आला, खुंटीवर बघितलं, आणि इतका हसला — म्हणाला, आई, केलंस बघ मला सभ्य. तेच घालून बसला दिवसभर, तिच्यासमोर. पुढे त्याच्याबरोबरच गेलं ते. कावीळ झाली होती. तुमच्या डॉक्युमेंटरीत माणसं काविळीने मरत नाहीत, मला माहीत आहे. दारू नाही, अपघात नाही, पाणी खराब होतं. काय दाखवणार त्यात.

फोटो? कसला फोटो? तिरकी कशी ते कळायला दिलाय होय. फोनवर आहे? मोठा करा, माझा चष्मा — हा काय, गळ्यातच आहे.

…

हा गायक आहे म्हणता तुम्ही? गायक बँड सोडून चालला, तो शेवटचा फोटो? आणि हाच पोस्टरवर?

अहो, हा दादा आहे. पाठमोरे सगळे सारखेच दिसायचे, खांद्यापर्यंत केस आणि जाकीट, तुमचा दोष नाही — पण हा दादा आहे. हॉलचं मागचं दार आहे हे, सामान टेम्पोत चढवतोय. बाकीचे आत बसून पीत असतील, हा एकटा सामान वाहायचा. आणि हातात हे गोल काय आहे सांगा बरं. हेल्मेट? हेल्मेट नव्हे बाबा, स्टूल आहे ते, ड्रमरचं, पाय काढलेलं. ड्रम कुणी उचलून नेत नाही हो, जड असतात, पण स्टुलावर कुणीही बसतं आणि घेऊन जातं, म्हणून तेवढं तो कायम हातात धरायचा. वरचं कापड बघा, चौकडीचं, नीट बघा. आमच्या मधल्या खोलीचा पडदा आहे तो. मीच खोळ शिवली होती. अरे देवा. बघा ना कसा चाललाय. एक खांदा खाली टाकून. असाच चालायचा. मी तर समजत होते त्याचा एकही फोटो उरलेला नाही, घरात होते तेसुद्धा घर बदलताना —

करा, करा ना फोन तुमच्या दिग्दर्शकांना! इथूनच करा. सांगा त्यांना, बहीण स्वतः सांगतेय. म्हणावं, नाव हवं असेल तर सांगते, काय हवं ते सांगते, मला पैसे नकोत, मला बोलायचंसुद्धा नाही तुमच्या त्या सोफ्यावर बसून, फक्त खाली नाव टाका. मी थांबते. गाणं बंद करते हवं तर, तुम्हाला ऐकू येईल.

…

काय म्हणाले?

म्हणजे? सगळी गोष्ट त्या फोटोवर उभी आहे, ते कळलं. निवेदन बोलून झालंय, तेही कळलं. मग पुढे? … काढून टाकावा लागेल. फोटोच. गायक नसेल तर त्या जागी त्याचा काही उपयोग नाही म्हणाले. मग ड्रमरच्या त्या एका वाक्याच्या वेळी दाखवा ना — अच्छा. ते वाक्य दुसऱ्याच दृश्यावर आहे. हो, हो, त्यांचंही बरोबर आहे, कुणाकुणासाठी बदलत बसणार. थिएटरात लागणार आहे का हो? मोठ्या पडद्यावर? आणि हा फोटो तिथे — तसा बराच वेळ असतो का? शेवटी, सगळं संपतं तेव्हा? हळूहळू जवळ आणतात. हं.

आणा पाहू तो फोन परत. उजेडात धरते जरा. … नाही हो. नाही. माझंच चुकलं. गायकच आहे हा. बघा ना, दादा उंचीला कमी होता, आणि केस — दादाचे कुरळे होते. चौकडी काय, हेल्मेटवरही असते चौकडी. चाळीस वर्षं झाली, नजर गेली, जो तो आपलाच वाटतो या वयात. सांगा त्यांना, म्हातारी बरळली, गायकच आहे, फोटो अजिबात हलवू नका म्हणावं. आत्ता सांगा, माझ्यासमोर सांगा. सांगितलंत? ठीक.

जाकीट ठेवून जा, बुधवारी या. मापं कसली घेता, किती तिरकी ते माझ्या हाताला माहीत आहे. आता निघा तुम्ही, मला कामं पडलीत. आणि जाता जाता तेवढा आवाज वाढवा — नाही, अजून. अजून.