घोटीच्या पुढे गेलेली गाडी

दि. १८/११/२०२५, सायं. ४.४०

नाव : मंजुषा ज्ञानेश गांगुर्डे, वय ४४, धंदा : नोकरी (शाळेत लिपिक), रा. पवननगर, सिडको, नाशिक.

मी घोटी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती ज्ञानेश (वय ५१) व मुलगी संजना असे राहतो. पती अंबड येथील एका कारखान्यात बावीस वर्षे माल तपासणीचे काम करीत होते. जून महिन्यात तो कारखाना बंद झाला. ही गोष्ट त्यांनी मला आठ दिवसांनी सांगितली.

आमच्याकडे जुनी घेतलेली पांढरी डिझेल गाडी आहे. ऑगस्टमध्ये ती काळा धूर सोडू लागली, चढावर ओढेना. पाथर्डी फाटा येथील मेकॅनिक वाल्मीक यांनी इंजिन उघडले. हवा आत जाण्याच्या नळीत कार्बनचा डांबरासारखा थर बसला होता. ते म्हणाले, "वाट निम्मी बुजलीय, दादा. गावातल्या गावात, चार-चार किलोमीटर चालवली की असंच होतं." त्यांनी थर खरवडून नळी साफ केली. पती चार तास शेजारी उभे होते. निघताना वाल्मीक म्हणाले, "आठवड्यातून एकदा हायवेला तासभर ताणून आणा. नाहीतर परत भरंल."

त्यानंतर पती दर रविवारी मुंबई रस्त्याने घोटीपर्यंत जाऊन परत येत. दिवाळीनंतर रोज जाऊ लागले. "गाडी मोकळी करून आणतो," एवढेच सांगत. एकदा मी सोबत गेले. घोटीला त्यांनी गाडी वळवली व आम्ही परत आलो. रोज का जाता, असे मी विचारले नाही.

आज सकाळी ७.१५ वा. ते गाडी घेऊन गेले. साडेनऊपर्यंत आले नाहीत. मी सात वेळा फोन केला, उचलला नाही. दहा वाजता फोन बंद लागला. मी शाळेत न जाता वाल्मीक यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "ताई, मी आठवड्यातून एकदा म्हटलो होतो. रोज नव्हतं सांगितलं." त्यांच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव येथे थांबून विचारले. रस्त्यात उभी असलेली प्रत्येक पांढरी गाडी मी उतरून पाहिली.

घोटीच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात आमची गाडी दिसली. हॉटेलमालक सावळीराम म्हणाले, "सकाळपासून उभी हाय. दार उघडं, इंजिन चालू. बराच वेळ वाट बघितली, मग मीच बंद केलं." पतींचा बंद पडलेला मोबाइल सीटवर होता. वाल्मीक यांनी बॉनेट उघडून पाहिले व गाडीला काही झालेले नाही असे सांगितले. बिघडली असती तर बरे झाले असते, असे मी त्यांना म्हणाले.

त्यानंतर १२.२० वा. मी या पोलीस ठाण्यात खबर दिली. १.५० वा. पोलिसांना पती हॉटेलपासून दोनेक किलोमीटरवर धरणाच्या भिंतीवर बसलेले मिळून आले. चप्पल बाजूला काढून ठेवलेली होती. मला तेथे नेण्यात आले. पती म्हणाले, "तुझी शाळा बुडाली ना?" मी हो म्हणाले. मग ते म्हणाले, "रोज घोटीहून वळतो. आज वळवेना." मी त्यांच्याजवळ बसले. पोलीस लांब उभे राहिले. अर्ध्या तासाने पतींनी चप्पल घातली.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली असून शरीरावर जखम नाही. उद्या नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाण्यास ते तयार आहेत. मी रजा टाकली आहे. आज मुलीला काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही. गाडी वाल्मीक घेऊन जातील व किल्ली त्यांच्याकडेच राहील. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "पती घर सोडून गेले" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "पती गाडी घेऊन बाहेर गेले" असे केले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही
मंजुषा ज्ञानेश गांगुर्डे